१०८०पीवरून १४४०पीवर: २०१८च्या गेमिंग संगणकाच्या नोंदी

हा संगणक २०१८च्या अखेरीस डोंबिवलीतच जुळवला होता. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, ३००० मेगाहर्ट्झची १६ जीबी डीडीआर४ रॅम, ६ जीबीचे जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि २४ इंची १०८०पी (१९२० × १०८० पिक्सेलचा) मॉनिटर अशी त्याची जोडणी होती. अशी किंवा जवळपास अशी जोडणी अजून पुष्कळ घरांत चालू आहे. मोठा मॉनिटर घेतल्यावर ग्राफिक्स कार्ड बदलावे लागणार, हे सगळ्यांनाच ठाऊक असते. त्या कार्डामागोमाग आणखी काय काय बदलावे लागते, याचा हिशेब मात्र आधी सहसा कोणी मांडत नाही. या नोंदी त्यासाठी आहेत.

३ नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या सवलतीत २७ इंची, २५६० × १४४० पिक्सेलचा, १८० हर्ट्झचा (सेकंदाला १८० वेळा चित्र बदलणारा) आयपीएस मॉनिटर २२,००० रुपयांना घेतला. ४के (३८४० × २१६० पिक्सेलचा) घ्यावा की नाही, यावर बराच काथ्याकूट झाला, पण निर्णय शेवटी साध्या गुणाकाराने लागला. १०८०पीच्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीच्या पडद्यावर ३६.९ लाख आणि ४केवर ८२.९ लाख. म्हणजे १४४०पीसाठी कार्डाचे काम पावणेदोन पटींहून किंचित जास्त वाढते, तर ४केसाठी थेट चौपट. चौपट काम पेलणारे कार्ड या जुन्या मदरबोर्डावर बसवणे म्हणजे अर्धे पैसे वाया घालवणे ठरले असते.

मॉनिटर डिस्प्लेपोर्टने जोडल्यावर विंडोज सुरू होईपर्यंत पडदा काळाच राहू लागला. निर्मात्याचे चिन्ह नाही, बायोस (विंडोजआधी चालणारी मदरबोर्डाची मूळ प्रणाली) नाही, थेट लॉगिनचा पडदा. पुढची बरीच कामे बायोसमध्येच करायची असल्याने हे चालवून घेण्यासारखे नव्हते. एचडीएमआयने जोडले की सगळे व्यवस्थित दिसत होते, त्यामुळे मॉनिटर सदोष नाही एवढे स्पष्ट झाले. १०६०च्या पिढीतील कार्डे डिस्प्लेपोर्ट १.३ आणि १.४च्या मॉनिटरशी जोडल्यावर असा काळा पडदा येऊ शकतो आणि त्यासाठी कार्डाचे फर्मवेअर अद्ययावत करणारे एक छोटे साधन चिपनिर्मात्याच्या संकेतस्थळावर मिळते. एचडीएमआयवर संगणक सुरू करून ते चालवले, मग डिस्प्लेपोर्टवरही बायोस दिसू लागले.

विंडोजने नवा मॉनिटर ६० हर्ट्झवरच ठेवला होता, हेही लिहून ठेवतो. प्रगत डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन १८० हर्ट्झ स्वतः निवडावे लागते. महिनोन्‌महिने महागडा मॉनिटर ६० हर्ट्झवर वापरणारे लोक मी पाहिले आहेत. माझ्या मॉनिटरचा एचडीएमआय २.० चा असून त्यावर १४४ हर्ट्झपर्यंतच पर्याय येतात, म्हणून डिस्प्लेपोर्टच वापरायचा.

१० नोव्हेंबर २०२४

काहीही विकत घेण्याआधी जुन्या कार्डाची मोजणी केली. फोर्झा होरायझन ५, रेड डेड रिडेम्प्शन २ आणि सायबरपंक २०७७ या तिन्ही गेममध्ये चाचणीची सोय आतच आहे, त्यामुळे प्रत्येक वेळी तेच दृश्य, तीच सेटिंग राहते. नोंदीसाठी कॅपफ्रेमएक्स हे फ्रेम मोजणारे सॉफ्टवेअर वापरले. फोर्झा १०८०पीवर सेकंदाला साठीच्या पुढे फ्रेम (चित्रे) देत होता, तो १४४०पीवर पन्नाशीच्या आत आला. रेड डेड पस्तिशीला टेकला आणि सायबरपंक खेळण्याजोगा उरला नाही. तिन्ही ठिकाणी कार्डाचा वापर ९७ टक्क्यांच्या वर होता, म्हणजे या टप्प्यावर अडसर कार्डाचाच आहे, प्रोसेसरचा नाही. ही सरासरीशेजारची टक्केवारी लिहून ठेवणे फार महत्त्वाचे आहे, कारण पुढे कार्ड बदलल्यावर अडसर कुठे सरकला, ते तिच्यावरूनच कळते.

कार्ड निवडताना बी४५०ची एक मर्यादा विचारात घ्यावी लागली. या चिपसेटवर कार्डाचा स्लॉट पीसीआय एक्स्प्रेस या डेटामार्गाच्या ३.० आवृत्तीचा असतो. आरटीएक्स ४०६०, ४०६० टीआय, आरएक्स ७६०० ही कार्डे सोळाऐवजी आठच लेन (डेटाच्या समांतर वाटा) वापरतात. नव्या बोर्डावर ४.० मुळे ते खपून जाते, पण ३.० वर त्यांना मिळणारी रुंदी निम्मी होते. कार्डाची ८ जीबी मेमरी भरून डेटा रॅममधून आणावा लागला की ही निम्मी रुंदी जाणवते, आणि १४४०पीवर ८ जीबी भरायला फार वेळ लागत नाही. त्यामुळे सोळा लेन आणि १२ जीबी अशा दोन अटी घातल्या. त्यांत बसणाऱ्यांपैकी ६७०० एक्सटी, ६७५० एक्सटी, ७७०० एक्सटी आणि ४०७० ही नावे मी विचारात घेतली. ४०७० खिशाबाहेर होते. जुनी ६७०० एक्सटी वीस-बावीस हजारांत मिळत होती, पण बिल नसलेल्या कार्डाची वॉरंटी मागायला कोणाकडे जायचे, या प्रश्नाचे उत्तर एकाही विक्रेत्याकडे नव्हते.

१६ नोव्हेंबर २०२४

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो आणि नवे आरएक्स ६७५० एक्सटी ३३,५०० रुपयांना घेतले. बिलावर कार्डाचा अनुक्रमांक लिहून घेतला आणि तो खोक्यावरच्या व प्रत्यक्ष कार्डावरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. वॉरंटीचे दावे याच क्रमांकावर चालतात, त्यामुळे हे काम दुकानातच उरकावे.

या कार्डाची घोषित वीजमागणी २५० वॅट आहे आणि निर्माता ६५० वॅटचा एसएमपीएस सुचवतो. जुन्या कार्डाची मागणी १२० वॅट होती. जुना ४५० वॅटचा एसएमपीएस सहा वर्षे वापरलेला होता आणि त्यातून कार्डासाठी एकच केबल निघत होती, जिला पुढे दोन तोंडे फुटलेली. कागदावर बेरीज कशीबशी बसत होती, परंतु अशी कार्डे क्षणार्धासाठी सरासरीपेक्षा बरीच जास्त वीज ओढतात आणि त्या क्षणी कमजोर एसएमपीएस संगणक बंद करून मोकळा होतो. ७५० वॅटचा गोल्ड दर्जाचा मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) एसएमपीएस ८,२०० रुपयांना घेतला आणि कार्डाच्या दोन सॉकेटना दोन स्वतंत्र केबल दिल्या.

जुना एसएमपीएसही अर्धा मॉड्युलर होता आणि त्याच्या साटा केबल कॅबिनेटमागून छान ओढून बांधलेल्या होत्या. त्या तशाच ठेवून नव्या एसएमपीएसला खोचण्याचा मोह होतो. त्या खोचल्याही जातात. मात्र एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी कंपन्यांत, कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही, वेगळी असते आणि चुकीचा दाब पोचल्यास हार्ड डिस्क जळते. सगळ्या जुन्या केबल काढून जुन्या एसएमपीएसच्या खोक्यात भरल्या.

१७ नोव्हेंबर २०२४

तीन पंख्यांचे कार्ड लांबीने कॅबिनेटमध्ये मावेना. पुढच्या बाजूचा हार्ड डिस्कचा पिंजरा आड येत होता आणि तो स्क्रूने नव्हे तर रिव्हेटने बसवलेला होता. घरी ड्रिल होते, पण धातूचा कीस मदरबोर्डावर सांडला तर शॉर्ट होण्याचा धोका असतो, म्हणून कॅबिनेट पूर्ण रिकामे केले आणि जवळच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात नेले. कारागिराने रिव्हेट उडवून कडा घासून दिल्या आणि १५० रुपये घेतले. आतली हार्ड डिस्क तळाला दुहेरी चिकटपट्टीवर बसवली. दिसायला ओंगळ आहे, पण चालते आहे.

जुन्या कार्डाचे ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या साधनाने काढले, नवे कार्ड बसवले, नवे ड्रायव्हर टाकले. सायबरपंकची चाचणी सुरू केली आणि मिनिटभरात यूपीएस किंचाळून बंद पडला.

यूपीएसचा विचार मी केलाच नव्हता. आमच्याकडे वीज दिवसातून एकदोनदा क्षणभर तरी डोळा मिटते, त्यामुळे यूपीएसशिवाय संगणक चालवणे परवडत नाही. जुना यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॅटचा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत व्हीए छापलेले असते, वॅटचा आकडा बारीक अक्षरांत असतो आणि कामाचा आकडा तोच असतो. मित्राकडून वॅटमीटर आणून भिंतीवरचा भार मोजला. जुन्या कार्डावर खेळताना मॉनिटरसह २७० वॅटच्या आसपास असणारा भार आता ४०० ते ४३० वॅटपर्यंत जात होता.

११०० व्हीए आणि ६६० वॅटचा यूपीएस ६,१०० रुपयांना घ्यावा लागला. त्याच्या बॅटरीवरची वीज शुद्ध साइन लहरीची नसते, आणि अॅक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारे सर्किट) असलेले काही एसएमपीएस अशा विजेवर रुसून बंद पडतात. त्यामुळे परत देण्याची मुदत संपण्याआधीच, आधी रिकाम्या संगणकावर आणि मग गेम चालू असताना, भिंतीवरचे बटण बंद करून पाहिले. दोन्ही वेळा संगणक चालू राहिला. पूर्ण भारावर बॅटरी काही मिनिटेच पुरते. गेम जतन करून संगणक बंद करण्यास तेवढी बास होते.

२४ नोव्हेंबर २०२४

१४४०पीवर रेड डेड सत्तरीच्या पुढे, फोर्झा नव्वदीच्या पुढे, सायबरपंक रे ट्रेसिंगविना (प्रकाशाची वास्तववादी आकडेमोड बंद ठेवून) पन्नाशीच्या वर, अशी सरासरी आली. आकडे पाहून समाधान वाटावे असे होते, पण प्रत्यक्ष खेळताना ते वाटेना. सायबरपंकच्या बाजारात शिरले की पडदा अडखळत होता. नोंद उघडल्यावर कारण दिसले: त्या भागात कार्डाचा वापर ६० ते ७० टक्क्यांवर उतरत होता आणि सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा दर तिशीच्या आसपास घसरत होता. कार्ड प्रोसेसरची वाट पाहत बसले होते. ‘१४४०पीवर प्रोसेसरला काही महत्त्व नसते’ असे सर्रास सांगितले जाते. ते सरासरीपुरते बऱ्याच अंशी खरे आहे, गर्दीच्या दृश्यापुरते नाही.

सुदैवाने माझ्या बोर्डाच्या एएम४ सॉकेटवर २०२२ सालचा रायझन ५ ५६०० बसतो. त्यासाठी बायोस नवे हवे. माझे २०१९चे होते.

३० नोव्हेंबर व १ डिसेंबर २०२४

या सगळ्या कामात सर्वाधिक वेळ इथे गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

बायोस अद्ययावत करण्याचे काम जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करावे लागते, निदान ज्या बोर्डावर प्रोसेसरविना बायोस भरण्याचे बटण नाही त्यावर तरी. माझ्या बोर्डावर ते नाही. निर्मात्याच्या पानावरील टिपा खालपासून वरपर्यंत वाचल्यावर लक्षात आले की जुन्या आवृत्तीवरून शेवटच्या आवृत्तीवर थेट उडी मारता येत नाही, मधली एक आवृत्ती आधी भरावी लागते. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केला, विंडोजमधील ड्राइव्हचे एन्क्रिप्शन बंद केले, सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि संगणक नव्या यूपीएसवर ठेवून दोन्ही आवृत्त्या एकामागून एक भरल्या. हे सुरळीत झाले.

त्यानंतर विंडोज सुरूच होईना. संगणक वारंवार बायोसमध्येच परतत होता आणि सुरू करण्याजोग्या डिस्कच्या यादीत काही नव्हते. डिस्क मेली असे वाटून केबल बदलणे, दुसऱ्या पोर्टला लावणे यात दुपार गेली. डिस्क ठणठणीत होती. २०१८ साली विंडोज डिस्कच्या विभाजनाच्या जुन्या एमबीआर पद्धतीने बसवले गेले होते आणि ते सुरू होण्यासाठी बायोसमधला सीएसएम हा जुन्या पद्धतींना वाव देणारा पर्याय चालू लागतो. नव्या बायोसने सगळ्या सेटिंग मूळपदावर आणल्या आणि नव्या आवृत्तीत सीएसएमचे मूळपद बंद असे आहे. तो चालू करताच विंडोज आले.

इथे थांबता आले असते. पण रीसाइझेबल बार ही सोय, जिच्यामुळे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम हाताळता येते, ती सीएसएम बंद असल्याशिवाय मिळत नाही. शिवाय विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा अद्यतने ऑक्टोबर २०२५मध्ये थांबणार होती आणि विंडोज ११कडे जायचे तर यूईएफआय ही संगणक सुरू होण्याची नवी पद्धत हवीच. म्हणून डिस्क त्यासाठी लागणाऱ्या जीपीटी या विभाजनपद्धतीत बदलायचे ठरवले. विंडोजमध्येच असलेले एमबीआर२जीपीटी हे साधन फायली न पुसता हा बदल करते. त्यात आधी फक्त तपासणी करण्याचा पर्याय आहे. तो चालवला आणि तपासणी नापास झाली. त्या साधनाची अट अशी की डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्राथमिक विभाजने असावीत. माझ्याकडे चार होती. चौथे मीच कधीतरी गेम ठेवण्यासाठी पाडले होते. गेम दुसऱ्या डिस्कवर हलवले, ते विभाजन पुसले, तपासणी पुन्हा चालवली, ती उत्तीर्ण झाली आणि मग प्रत्यक्ष बदलाला काही क्षणच लागले. लगेच बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद केले, ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ आणि रीसाइझेबल बार चालू केले. विंडोज सुरू झाले.

बायोस बदलल्यावर रॅमही २१३३वर उतरलेली असते. एक्सएमपीचा (रॅम तिच्या छापील वेगावर चालवण्याचा) पर्याय पुन्हा चालू करून ती ३०००वर आणली. पंख्यांच्या वेगाची आखणीही नव्याने करावी लागली. यांपैकी काहीही पडद्यावर सूचना म्हणून येत नाही. बायोस बदलण्यापूर्वी सगळ्या पानांची छायाचित्रे फोनवर काढून ठेवलेली असतील तर काम सोपे जाते.

८ डिसेंबर २०२४

रायझन ५ ५६०० हा १०,६०० रुपयांना मिळाला. ५७००एक्स३डी याच सॉकेटवर बसतो आणि गेममध्ये त्याहून सरस आहे, पण किंमत जवळपास दुप्पट होती आणि तो फरक एसएमपीएस व यूपीएसने आधीच खाल्ला होता. केवळ स्पर्धात्मक नेमबाजीचे गेम खेळणाऱ्याने उलट निर्णय घ्यावा असे माझे मत आहे.

एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि वर्षानुवर्षे सुकलेल्या थर्मल पेस्टमुळे कूलर ओढताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो व पिना वाकतात. म्हणून आधी संगणकावर भार देऊन प्रोसेसर तापवला, बंद करून लगेच कूलरचे स्क्रू सैल केले आणि कूलर वर न ओढता डावीकडे-उजवीकडे पिळत सोडवला. चारही स्क्रू निघाल्यावर बोर्डामागची पाठपट्टी खाली पडते. बोर्ड कॅबिनेटमध्ये उभा असेल तर ती मागून हाताने धरावी लागते. कॅबिनेट आडवे ठेवणे उत्तम.

नवा प्रोसेसर बसवून सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर एफटीपीएम (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) पुसायचे का, असा प्रश्न येतो. एन्क्रिप्शन चालू असताना ‘हो’ म्हटले तर विंडोज पुनर्प्राप्तीची किल्ली मागते. ते आधीच बंद असल्याने ‘हो’ म्हटले आणि पुढे गेलो.

त्याच चाचण्या पुन्हा घेतल्या. सायबरपंकची सरासरी थोडीच वाढली, साठीच्या आसपास आली. पण बाजारातला सर्वांत संथ एक टक्का तिशीवरून पंचेचाळिशीच्या पुढे गेला आणि कार्डाचा वापर बहुतेक वेळ ९५ टक्क्यांच्या वर राहिला. अडखळणे थांबले. रीसाइझेबल बारचा वाटा यात किती आणि प्रोसेसरचा किती, हे मी वेगळे मोजलेले नाही.

१५ डिसेंबर २०२४

मॉनिटरसोबतची डिस्प्लेपोर्ट केबल आखूड पडत होती, म्हणून ४५० रुपयांची तीन मीटरची केबल आणली. तेव्हापासून पडदा अधूनमधून सेकंदभर काळा होऊ लागला. १२० हर्ट्झवर उतरवले की थांबे, १८०वर पुन्हा सुरू. शिवाय एसएमपीएसचे बटण बंद केल्यावरही मदरबोर्डावरचा एक दिवा मंद पेटलेला राहत होता. प्रमाणानुसार बनवलेल्या केबलमध्ये विसावी पिन जोडलेली नसते. स्वस्त केबलमध्ये ती जोडलेली असली तर मॉनिटरकडून वीज उलटी कार्डात शिरते. दिव्याचे कारण तेच असावे, कारण केबल काढताच तो विझला. प्रमाणित दोन मीटरची केबल १,१०० रुपयांना घेतली आणि दोन्ही तक्रारी मिटल्या.

२२ डिसेंबर २०२४

सेटिंग आता अशी ठेवली आहे. बदलता रिफ्रेश दर (मॉनिटरचा वेग फ्रेमच्या वेगाशी जुळवणारी सोय) चालू, फ्रेमची कमाल मर्यादा १७५. सायबरपंकमध्ये एफएसआरचा ‘क्वालिटी’ टप्पा, ज्यात चित्र प्रत्यक्षात १७०६ × ९६० पिक्सेलवर बनते आणि मग मोठे केले जाते. दूरच्या तारा-जाळ्यांत किंचित थरथर दिसते, पण वेग पाहता चालवून घेतो. रेड डेडमध्ये एफएसआर बंद ठेवले, कारण झाडांची पाने मला धुवट वाटली. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतील ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल लवकर बदलण्याची सोय) शेवटच्या टप्प्यावर ठेवल्यास हलत्या वस्तूंमागे उजळ कडा दिसते. मधला टप्पा योग्य.

खर्च: मॉनिटर २२,०००, कार्ड ३३,५००, एसएमपीएस ८,२००, यूपीएस ६,१००, प्रोसेसर १०,६००, दोन केबल मिळून १,५५०, थर्मल पेस्ट ४००, रिव्हेट १५०, एकूण ८२,५०० रुपये. जुने कार्ड ६,००० आणि जुना प्रोसेसर ३,५०० रुपयांना विकला गेला. जुना एसएमपीएस कोणी घेत नाही.

११ मे २०२५

उन्हाळ्यातली नोंद राहिली होती. डिसेंबरात कार्डाच्या सर्वांत तप्त बिंदूचे तापमान ऐंशीच्या आत असे. आता खोली दुपारी ३४ अंशांवर असताना ते ९५च्या पुढे गेले आणि पंख्यांचा आवाज हेडफोनमधूनही ऐकू येऊ लागला. एएमडीच्या ड्रायव्हरमधूनच कार्डाचा व्होल्टेज १२०० मिलिव्होल्टवरून टप्प्याटप्प्याने ११३० मिलिव्होल्टपर्यंत उतरवला. त्याखाली रेड डेड बंद पडत होता. ११३०वर फ्रेमच्या दरात मोजण्याजोगा फरक नाही, तापमान ८८च्या आसपास थांबते आणि वॅटमीटरवर भार तीसेक वॅटने उतरला आहे. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, पिंजरा काढल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत, आणखी एक १२० मिलिमीटरचा पंखा बसतो. तो मागवला आहे.